सात जोडपी, बावीसशे वर्षं आणि आमचं घराणं

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज एकदाचं लिहून टाकते. काही नातेवाईक रागावतील. रागवा, हरकत नाही, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या घराण्याची वंशावळ छापायचं चाललं आहे. अश्दोदचा माझा आतेभाऊ आणि इथले दोन चुलतभाऊ गेली तीन वर्षं त्याच्या मागे आहेत. काम मनापासून केलंय, खर्चही स्वतःच्या खिशातून. प्रस्तावना मी लिहावी असं ठरलं, कारण म्हणे 'तुला लिहायची हौस आहे' :-) मसुदा वाचला आणि मी नाही म्हणून कळवलं. का नाही, ते फोनवर सांगून कुणाला पटेना, म्हणून हा प्रपंच.

तक्त्याच्या सगळ्यात वर काय आहे? नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, इ. स. पूर्व १७५. तिथून एक तुटक रेघ निघते, बरीच खाली येते आणि एकोणिसाव्या शतकातल्या आमच्या खापरपणजोबांच्या डोक्यावर उतरते. रेघ तुटक आहे, पण रेघ आहे! ती पुसा, एवढंच माझं म्हणणं. आणि त्याच्याही आधी, खाली एका बाईच्या नावाचं जे काय केलंय ते दुरुस्त करा. त्या बाईकडे येतेच.

जे वाचक आमच्यापैकी नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला 'शनवार तेली' म्हणे. आडनावं गावांवरून: किहीमचे केहिमकर, दिवेआगरचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, रोह्याचे रोहेकर. (जुन्या हिंदी सिनेमातले 'डेव्हिड' आठवतात? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर.) आणि आमची मूळकथा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावला एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, आणि आम्ही सगळे त्या सात जोडप्यांची लेकरं.

कथा सुंदर आहे. लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकली आहे आणि मीही पोरांना सांगते. पण कथा सांगणं वेगळं आणि ती तक्त्यात चौकट आखून छापणं वेगळं.

आता ते १७५ साल आलं कुठून? हायम सॅम्युएल केहिमकरांच्या पुस्तकातून. केहिमकर म्हणजे १८७५ साली मुंबईत इस्राएली मुलांची शाळा काढणारे गृहस्थ. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून ठेवला आणि तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. आमच्या पूर्वजांना शब्बाथ ठाऊक होता, सुंता ठाऊक होती, खवले-पर असलेलेच मासे खायचे हे ठाऊक होतं, 'शेमा'ची प्रार्थना ठाऊक होती. पण हनुक्का ठाऊक नव्हता. हनुक्का सुरू झाला तो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, जेरुसलेमचं मंदिर परत ताब्यात आल्यावर. म्हणजे आपण त्याच्या आधी, अँटायोकसच्या छळाच्या सुमाराला निघालो असणार, असा त्यांचा हिशेब. हुशार हिशेब आहे. पण तो तर्क आहे हो. कोकणात एकटं पडलेल्या समाजाला एखादा सण आठवत नाही, याचा अर्थ तो त्याला कधीच माहीत नव्हता असा होत नाही. कुणी आम्हाला दहा हरवलेल्या कुळांपर्यंत नेतं, कुणी इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात येमेन किंवा इराणहून आणतं. तक्त्यात मात्र एकच साल, आणि तेही ठळक अक्षरात.

शिवाय आणखी एक गंमत बघा. याच किनारपट्टीवर चित्पावनांची कथा आहे: समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं आणि परशुरामाने त्यांना दिलेला जीव. सात जोडपी म्हणजेही चौदाच! एकाच किनाऱ्यावर, दोन समाजांच्या मूळकथेत, तीच संख्या आणि तोच समुद्र. आता कुणी कुणाची कथा घेतली यावर भांडायला मला सवड नाही. पण असल्या कथेतून जन्मदाखले काढता येत नाहीत, एवढं तरी मान्य करा.

आमच्याबद्दलचं भरवशाचं लेखी असं काही मिळायला लागतं ते अठराव्या शतकापासून. कोचीनचे यहेज्केल राहबी यांनी १७६८ मध्ये हॉलंडच्या एका व्यापाऱ्याला पत्र लिहिलं, त्यात मराठी मुलखात विखुरलेल्या, तेल गाळणाऱ्या या लोकांचा उल्लेख आहे. आम्हाला धर्म परत शिकवणारे म्हणून ज्या दावीद राहबीचं नाव आम्ही घेतो, त्याचा काळ तर कुणी इसवी सन १००० धरतं, कुणी १४००, कुणी थेट अठरावं शतक. ज्या माणसाने आमच्यात काजी नेमले, त्याच्याबाबत समाजाचा हिशेब सात-आठशे वर्षांनी इकडे-तिकडे होतो, आणि आम्ही निघालोय बावीसशे वर्षांची रेघ ओढायला.

आता आमच्याच घरचे कागद घेऊ. (आडनाव लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक आहे आणि उरलेल्यांना त्याची गरज नाही.)

खापरपणजोबा हसाजी इसाजी. यांचे तीन पुरावे आहेत. एक, १८७९ चा पेन्शनचा कागद, इंग्रजीत, पलटणीत जमादार होते म्हणून. दुसरा, कबरीचा दगड, हिब्रूत. त्यावर नाव 'यहेज्केल बेन यित्झाक'. तिसरी, आजोबांच्या हातची वही, मराठीत. नावं वेगळी दिसली तरी गोंधळ नाही. आपल्याकडे यहेज्केलचा हसाजी होतो, यित्झाकचा इसाजी, शमुवेलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी. दगडावर साल आहे ५६६० आणि वहीत १८९९. तेही जुळतं. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे ५६६० म्हणजे १८९९ ची अखेर किंवा १९०० चे पहिले आठ-नऊ महिने. तीन वेगळ्या हातांनी, तीन वेगळ्या भाषांत लिहिलेलं एकमेकांशी जमतंय. म्हणून हसाजी पक्के. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे त्यांच्या वरच्या चौकटीपासून. तिथे एक मोडी कागद चिकटवलाय. शके १७४२, म्हणजे १८२०. जमिनीचा व्यवहार, आणि त्यात 'हसाजी बिन इसाजी तेली'. भाऊ म्हणतात, हे आमच्या हसाजींचे आजोबा, कारण घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे. असतीलही! पण मोडी वाचणाऱ्याला विचारा. मोडीत ह्रस्व-दीर्घ नाही, शब्द तोडून लिहीत नाहीत, आणि अनुस्वार तर सर्रास गाळतात. मग तो 'हसाजी' आहे की 'हंसाजी'? हंबीरराव मोहित्यांचं मूळ नाव हंसाजीच होतं, ते काही आमच्यातले नव्हते :-) 'इसाजी' की 'येसाजी'? येसाजी तर गावोगाव. आणि 'तेली' म्हणाल तर गावात हिंदू तेलीही होतेच; कागद लिहिणाऱ्या कारकुनाने 'शनवार' लिहायची तसदी घेतलेली नाही. म्हणजे एका कागदातले तिन्ही शब्द दोन्हीकडे वाचता येतात, आणि त्यावर आम्ही दोन पिढ्या उभ्या केल्या.

आडनावाचा आधार म्हणाल तर तोही कच्चा. एका गावातून निघालेली, एकमेकांशी काहीही नातं नसलेली दोन घरं मुंबईत एकच आडनाव लावत. उलट काहींनी '-कर' टाकून वडिलांचं नावच आडनाव केलं. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून आपण जातो ना, ते १९३७ मधले मुंबईचे महापौर. मूळचे राजपूरकर. नुसतं आडनाव बघून त्यांचं गाव कुणाला सापडलं असतं?

असो. आता त्या बाईकडे.

वहीत आजोबांच्या अक्षरात एवढंच आहे: 'हसाजी इसाजी, जमादार. कुटुंब सुंदराबाई. पलटणीत असताना लग्न.' बस्स. माहेर नाही, वडिलांचं नाव नाही, गाव नाही. या घरातली सगळ्यात जुनी बाई जिचं नाव तरी उरलं, ती ही.

आणि मसुद्यात काय छापलंय? 'सारा (सुंदराबाई), नवगावच्या घराण्यातील कन्या.'

कुठून आली ही सारा? कुठून आलं नवगाव? विचारलं तर उत्तर मिळालं, 'अगं, सुंदरा म्हणजे साराच असणार.' मी म्हटलं, कशावरून? आमच्या बायकांची मराठी नावं असत, त्यामुळे सुंदराबाई नावावरून ती परकी होती असं म्हणता येत नाही. तसंच ती आपल्यातलीच होती असंही म्हणता येत नाही. तर आतेभाऊ म्हणाला, 'ताई, तिथे नुसतं सुंदराबाई ठेवलं तर लोक काय समजतील?'

हां! आता खरं कारण बाहेर आलं. लोक काय समजतील. पलटणीत लग्न झालं, माहेर लिहिलेलं नाही, म्हणजे... म्हणजे ती बाई बाहेरची असली तर? म्हणून तिला आधीच सारा करून टाका. तिने आपला संसार केला, या घराला मुलं दिली, आणि सव्वाशे-दीडशे वर्षांनी तिची पणतवंडं तिचं नावही तिच्याकडे ठेवायला तयार नाहीत.

मी हा विषय इतका ताणून धरते त्याचं कारण सांगते. ज्यू कायद्याप्रमाणे माणूस ज्यू ठरतो तो आईकडून. आणि आमचे कागद? पेन्शनवर बापाचं नाव, दगडावर 'बेन' म्हणजे अमक्याचा मुलगा, जमिनीच्या कागदावर 'बिन', आडनाव बापाच्या गावाचं. ज्या रेघेवर सगळं ठरतं ती रेघ कुणी लिहिलीच नाही, आणि जी लिहिली तिच्यावर काही ठरत नाही! मग आईची वंशावळ आणा म्हणणाऱ्यापुढे आपण काय ठेवणार?

तसं म्हणणारे निघाले होते. १९६२ साल. आपले हजारो लोक इस्राएलला पोहोचले होते, काहींना दहा-बारा वर्षं झाली होती. तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फतवा काढला, की बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं बाहेरच्या ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिच्या आईची, आईच्या आईची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. पोलंडहून आलेल्याला अशी चौकशी नाही, मोरोक्कोहून आलेल्याला नाही. आम्हालाच.

आता नीट लक्ष द्या. तेव्हा आपल्या लोकांनी काय केलं? वंशावळी जमवल्या का? कोकणातून मोडी कागद मागवले का? नाही. ते रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकापोरांसकट जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने जाहीर केलं, की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. त्यानंतर फतव्यातून आमचं नाव काढलं गेलं. (चौकशीचा नियम सरसकट 'संशय असेल त्याला' म्हणून राहिला, हेही खरं.) ती लढाई 'हा घ्या पुरावा' म्हणून जिंकली नाही. 'आम्हालाच पुरावा का मागता?' असं विचारून जिंकली.

आणि आपण आज काय करतोय? कुणी मागितलेला नसताना पुरावा तयार करून देतोय. तोही खोटा. १९६२ च्या माणसाचा प्रश्न बरोबरच होता, फक्त आमच्याकडे उत्तर तयार नव्हतं, असं कबूल केल्यासारखं आहे हे.

बरं, असली तपासणी आम्हाला नवीन होती का? मुळीच नाही. ती आम्हीच आमच्या घरात आधी केली. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल! आई-बाप दोन्ही आपल्यातले ते गोरे. ज्यांच्या कुळात बाहेरची बाई आली असं मानलं गेलं ते काळे. त्यांच्याशी लग्न नाही, त्यांच्या पंक्तीला बसणं नाही. धर्म तोच, प्रार्थना तीच, शनिवार तोच. पुढे मुंबईत बगदादी ज्यूंनी आम्हाला तसंच वागवलं, तेव्हा मात्र आम्हाला अपमान कळला. सुंदराबाईची सारा करणारी जी भीती आहे ना, ती या गोऱ्या-काळ्यातूनच आली आहे. वंशावळ गोरी दिसली पाहिजे!

कुणी म्हणेल, आता डीएनए आहे, आता काय प्रश्न? भाचीने हौसेने एका परदेशी कंपनीकडे नळी पाठवली. उत्तर आलं, ज्यू शून्य टक्के. पोरगी दोन दिवस गप्प. अगं, त्यांचा 'ज्यू' रकाना मुळात युरोपातल्या ज्यूंवरून बेतलेला, त्यात कोकण कसं दिसेल? शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये आपल्या समाजाचा जो रीतसर अभ्यास छापला, त्यात आपल्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसा भरपूर आहे आणि दोन्ही एकमेकांत मिसळले ते साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, असा निष्कर्ष आहे. म्हणजे परदेशातून कुणी आलं होतं ही आजीची गोष्ट हवेतली नव्हती. आणि इथल्या बायका-पुरुषांशी आपलं रक्त मिसळलंय हेही तितकंच खरं. पण तो निकाल समाजाचा आहे. त्यातून सुंदराबाईचं माहेर निघत नाही, आणि १८२० चा हसाजी आपला होता की नाही तेही निघत नाही.

माझ्या भावांचा एक मुद्दा मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. ते म्हणतात, 'तुला इथे ठाण्यात बसून लिहायला काय जातं? आमच्या मुलांची लग्नं तिथे व्हायची आहेत. रिकाम्या जागा ठेवल्या तर उद्या पुन्हा कुणी बोट ठेवेल.' भीती खरी आहे. अनुभवातून आलेली आहे. पण विचार करा, ज्याला बोट ठेवायचंय तो 'सारा, नवगावची' वाचून गप्प बसेल? तो विचारेल, कागद दाखव. तेव्हा तुमच्या हातात वही असेल, आणि वहीत लिहिलेलं असेल सुंदराबाई. मग एका बनावट चौकटीपायी हसाजींच्या तीन खऱ्या पुराव्यांवरही संशय येईल. रिकामी जागा निदान कुणाला खोटी ठरवता येत नाही.

आणि हा रोग आपल्यालाच आहे असं नाही. युरोपातले कित्येक ज्यू राशीपर्यंत, आणि राशीमार्गे थेट दावीद राजापर्यंत वंशावळ नेतात. आपल्याकडे भाटांनी किती घराण्यांना सूर्यापर्यंत पोहोचवलं ते सांगायला नको. सगळ्यांना राजा किंवा सूर्य हवा असतो, जमादाराची बायको कुणालाच नको असते.

मग छापायचं काय? माझ्या मते तीन प्रकार सरळ वेगळे करा: कागद, ऐकीव, तर्क. उदाहरण द्यायचं तर सामाजी हसाजी दिवेकरांचं घ्या. त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधलं, ते मांडवीला आजही उभं आहे, हा झाला कागद (दगडच म्हणा ना). टिपूच्या कैदेत असताना टिपूच्या आईने 'हे बेने इस्राएल आहेत' म्हणून रदबदली केली, हे ऐकीव. दोन्ही सांगा, पण एका शाईत छापू नका. सात जोडप्यांची कथा पुस्तकाच्या पहिल्या पानावर कथा म्हणून खुशाल घाला, नवगावच्या कबरींच्या फोटोसकट. तक्ता मात्र हसाजींपासून सुरू करा. १८२० चा मोडी कागद शेवटी जोडा आणि खाली लिहा, 'हा आमचा असू शकेल'. त्यात कसली लाज? १८४६ मध्ये मुंबईत मराठी हगादा छापणारे लोक आपण. आपल्याकडे खरं सांगण्यासारखं कमी आहे का?

आणि खरी घाई आहे ती दुसरीकडे. दिमोना, लोद, बीरशेवा, अश्दोद... सगळीकडे आपल्या ऐंशी-नव्वदीच्या आत्या, मावश्या, माम्या आहेत. त्यांना आईच्या आईचं नाव ठाऊक आहे, कदाचित तिच्याही आईचं. जी रेघ कुणी लिहिली नाही ती अजून त्यांच्या डोक्यात आहे. बावीसशे वर्षांमागे धावण्यापेक्षा या एका हिवाळ्यात त्यांच्याजवळ बसा, नावं जशी उच्चारतील तशी लिहा, कुणी सांगितलं आणि कुठल्या तारखेला तेही लिहा. रायगडातल्या ज्या गावांत आता आपलं एकही घर नाही तिथली कबरस्तानं खाऱ्या वाऱ्याने झिजताहेत, त्यांचे फोटो काढा. पुढच्या पावसाळ्यात आणखी दोन ओळी जातील.

प्रस्तावना मी एका अटीवर लिहीन. हसाजींच्या शेजारच्या चौकटीत फक्त 'सुंदराबाई' छापा. कंसात काही नाही, माहेर कोरं.